ध्यानात किती मावते?

कुणी दहा आकडी मोबाईल नंबर तोंडी सांगतो. पाच-सहा आकडे ध्यानात राहतात, पुढचे निसटतात. मग वर्गातली पोक्त माणसे म्हणतात, "गुरुजी, आमचं डोसकं आता चालंना." आम्ही त्यांना सांगतो, डोके बिघडलेले नाही. माणसाचे डोके असेच घडलेले आहे. मास्तराचे तसेच आणि कलेक्टरसाहेबांचेही तसेच.

घराला ओसरी असते, आत माजघर असते. आलेला माणूस आधी ओसरीवर टेकतो. नुकतेच ऐकलेले शब्द आणि आकडेही असेच मेंदूच्या ओसरीवर टेकतात. ही जागा फार लहान. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने लिहिले, की तेथे सुमारे सात गोष्टी मावतात. कुणाच्या पाच, कुणाच्या नऊ. २००१ साली नेल्सन कोवान यांनी हिशेब आणखी कडक केला. मनात घोकू दिले नाही, तर चारच्या आसपासच!

घोकण्याची युक्ती आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. दुसरे माप भरेपर्यंत 'लाभ, लाभ' असे म्हणतच राहायचे. मग 'दोन, दोन'. मध्येच कुणी बोलायला लागला, की मोजणी चुकली म्हणून समजा.

दुसरी युक्ती पेंढी बांधण्याची. कडब्याची सुटी ताटे किती उचलाल? पेंढी बांधली की काखेत येतात. धाराशिवचा पिन ४१३५०१, तुळजापूरचा ४१३६०१. दोन्हींचा आरंभ ४१३. तो एकदा पाठ झाला, की तीन आकड्यांची एकच पेंढी झाली.

आता ही ओसरी एवढी लहान का? जर्मनीतील डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्याला तारा जोडून मेंदूतील विजेच्या बारीक लाटा प्रथम टिपल्या. डोळे मिटून स्वस्थ बसले, की सेकंदाला दहाएक लाटा उठतात. काही ध्यानात धरताना सेकंदाला चार ते आठ अशा संथ लाटा दिसतात, आणि तीस-चाळीसच्या वेगाच्या जलद लाटाही दिसतात. १९९५ साली लिस्मन आणि इडियार्ट यांनी कल्पना मांडली, की एका संथ लाटेच्या पोटात जितक्या जलद लाटा बसतात, तितक्याच गोष्टी ध्यानात मावतात. करा भागाकार! संथ सहा, जलद चाळीस. एकीच्या पोटात सहा-सात येतात. आम्हाला हा भागाकार फार आवडला. परंतु सर्व शास्त्रज्ञांनी तो अजून मान्य केलेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

माजघर मात्र ऐसपैस. अक्षर न ओळखणाऱ्या आयाबायांना जात्यावरच्या कितीतरी ओव्या पाठ असत. पुन्हा पुन्हा म्हणून त्या आत गेलेल्या. वाचनाचेही तेच. नवशिका 'धाराशिव' वाचतो, तेव्हा धा, रा, शि, व असे चार पाहुणे ओसरी अडवून बसतात. वाक्याच्या शेवटाला येईतो आरंभ विसरतो, आणि माणूस वर्ग सोडून देतो. रोज वाचत राहिले, म्हणजे हळूहळू सबंध शब्दाची एकच पेंढी होते. मग अर्थाला बसायला जागा मिळते.

आता शेजाऱ्याला हे आकडे सावकाश वाचायला सांगा: ५, २, ९, ४, १, ७, ३, ८, ६. न बघता म्हणून दाखवा. नंतर ५२९, ४१७, ३८६ असे तीन पेंढ्यांत ऐका आणि पुन्हा म्हणा.