पाठ १४ : सौम्य म्हणजे दुबळा नव्हे

वाचण्याआधी

मराठीत ‘गरीब गाय’ असा एक शब्दप्रयोग आहे. जी व्यक्ती कुणाला उलटून बोलत नाही, सगळं निमूटपणे सोसते, तिच्याबद्दल घरातली मोठी माणसं म्हणतात, “अगदी गरीब गाय आहे बिचारी!” तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का? तुम्हाला त्या व्यक्तीचं कौतुक वाटतं की कीव येते? उत्तर मनात ठरवा आणि मग पुढे वाचा.

नवे शब्द

सौम्य – शांत, मृदू, तीव्र नसलेला (सौम्य ऊन, सौम्य औषध, सौम्य स्वभाव)
निमूटपणे – काही न बोलता
पडतं घेणे – वाद नको म्हणून माघार घेणे
सदसद्विवेक – चांगलं-वाईट ओळखणारा मनातला आवाज
दुष्काळ – पाऊस न पडल्यामुळे होणारी अन्नपाण्याची टंचाई
मुद्रित – छापण्याआधी चुका तपासण्यासाठी काढलेली प्रत

पाठ

मी आयटीत काम करतो. अमेरिकेत आलो त्या पहिल्या वर्षी एका मीटिंगमध्ये माझं काम दुसऱ्याच कुणीतरी स्वतःचं म्हणून सांगितलं. मी गप्प बसलो. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, “जाऊ दे, माणसानं नम्र असावं.” ती म्हणाली, “नम्र कसला? तू घाबरलास!” तिचं खरं होतं. पुढे आठवडाभर मी मनात धुमसत होतो. मी बाहेरून गप्प होतो, पण आतून शांत नव्हतो.

हा फरक मला नीट समजला तो ख्रिस्ती धर्मातल्या एका कल्पनेमुळे. येशू ख्रिस्ताने डोंगरावर जो उपदेश केला, त्यात तो सौम्य माणसांना धन्य म्हणतो आणि पृथ्वीचा वारसा त्यांना मिळेल असं सांगतो. ऐकायला चमत्कारिक वाटतं, नाही का? जग तर जोरात बोलणाऱ्यांचं दिसतं!

मराठी बायबलमध्ये जिथे ‘सौम्य’ शब्द आहे, तिथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘प्राउस’. माणसाळलेल्या, शिकवलेल्या घोड्यालाही ग्रीक लोक हाच शब्द वापरत. अशा घोड्याची ताकद कमी झालेली नसते. ती फक्त ताब्यात आलेली असते. ॲरिस्टॉटल हा तत्त्वज्ञ म्हणतो की सौम्य माणसालाही राग येतो, पण योग्य गोष्टीचा, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच. ज्याला कधीच राग येत नाही, त्याला तो गुणी मानत नाही. ख्रिस्ती विचारात यात आणखी एक गोष्ट येते. आपली ताकद स्वतःच्या मोठेपणासाठी न वापरता देवाच्या हाती द्यायची. बायबलमध्ये मोशेला अतिशय सौम्य म्हटलं आहे, पण इजिप्तच्या राजासमोर आपल्या लोकांची सुटका मागायला उभा राहिला तो हाच मोशे.

आता आपल्या मराठी इतिहासातलं एक उदाहरण पाहू : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). आईवडिलांकडून त्या संस्कृत शिकल्या. १८७४ च्या सुमारास, दुष्काळाच्या काळात, त्यांचे आईवडील गेले. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

तिथल्या सिस्टर आणि बिशप मंडळींना वाटलं, आता या आपलं निमूटपणे ऐकतील. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं काही बिशपांचं मत पडलं. रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवलं की माझा सदसद्विवेक मी कुणाच्या स्वाधीन करणार नाही. भारतातल्या पुरोहितांच्या सत्तेतून मोठ्या कष्टाने बाहेर पडल्यावर त्यांना पुन्हा नवी सत्ता डोक्यावर नको होती. पण ज्या सिस्टरशी त्यांचा वाद झाला, तिच्याशी त्यांनी नातं तोडलं नाही. पत्रं चालूच राहिली.

१८८६ साली त्या अमेरिकेत आल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो समारंभ पाहायला. इथे त्यांनी गावोगावी भाषणं केली आणि भारतातल्या विधवा मुलींच्या शाळेसाठी मदत मागितली. बॉस्टनमध्ये त्यासाठी ‘रमाबाई असोसिएशन’ सुरू झालं. स्वतःसाठी काही न मागणं आणि दुसऱ्यांसाठी मागायला न लाजणं, दोन्ही त्यांना जमलं. बरोबर ३ वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, मुंबईत ‘शारदा सदन’ उघडलं.

पुढे शाळा पुण्याला गेली आणि तिथे वादळ उठलं. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, म्हणून १८९३ साली वर्तमानपत्रांतून टीका झाली, सल्लागारांनी साथ सोडली, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती आपण समजू शकतो, कारण शाळेत धर्म शिकवला जाणार नाही असं ठरलेलं होतं. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणावर सक्ती करत नाही, पण माझ्या खोलीचं दारही बंद करणार नाही. त्या काम करत राहिल्या. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुलींना आणलं. केडगावचं ‘मुक्ती मिशन’ उभं राहिलं, ते आजही आहे. शेवटची अनेक वर्षं त्यांनी साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं हे काम मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच छापलं. मृत्यूपूर्वी रमाबाई त्याची मुद्रितं तपासत होत्या.

आता सांगा, रमाबाई ‘गरीब गाय’ होत्या का?

माझ्या त्या मीटिंगचा मी पुन्हा विचार केला. आरडाओरडा करायची गरज नव्हती. “हे काम मी केलंय, शंका असतील तर मला विचारा,” एवढंच शांतपणे म्हणता आलं असतं. त्याला म्हणतात सौम्यपणा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) रमाबाई अमेरिकेत कोणत्या समारंभासाठी आल्या?
(आ) ‘प्राउस’ हा शब्द कोणत्या प्राण्यालाही वापरत?
(इ) १८९३ साली पालकांनी मुली का काढून नेल्या?

२. पुढचे शब्द ‘ताकद आहे’ आणि ‘ताकद वापरायची भीती आहे’ अशा दोन गटांत लिहा. एखादा शब्द दोन्हीकडे जातोय असं वाटलं तर का, ते सांगा.
सौम्य, भित्रा, नम्र, पडखाऊ, संयमी, लाजाळू

३. ‘नव्हे’ वापरून तीन वाक्यं लिहा. उदाहरण : गप्प बसणं म्हणजे सहन करणं नव्हे.

४. घरी आई-बाबांना किंवा फोनवर आजी-आजोबांना विचारा : “तुम्ही कधी पडतं घेतलंत, आणि नंतर त्याचं वाईट वाटलं का?” त्यांचं उत्तर पाच-सहा ओळींत लिहून आणा. पुढच्या तासाला आपण ते वाचू.