मणका बसवला की मूल बोलेल?

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, स्वमग्न आहे. कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे हाताने मणका बसवण्याची, बारा सत्रं घेतली की बोलेल, म्हणतात. पैसे भरू का?

उत्तर : नको. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली बाब. मणका सरकल्याने ती येत नाही, बसवल्याने जात नाही. अमेरिकेत १८९५ मध्ये ही पद्धत काढणाऱ्या डी. डी. पामर यांनी मणका बसवून बहिरेपण घालवल्याचं सांगितलं होतं. दावे तेव्हापासूनच मोठे! कंबरदुखीत थोडा उपयोग होतो. स्वमग्नतेत होतो असा भरवशाचा पुरावा नाही. लहानग्याच्या मानेला झटके देणं तर मला मुळीच मान्य नाही. ते पैसे वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपीला लावा. केंद्र सरकारच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्न मुलांना १ लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, त्याचा अर्ज आधी भरा.