ल माँ क्लासिक : जुन्या शर्यतगाड्या टिपायच्या, तर खर्च किती?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात फ्रान्समधल्या ल माँ शहरात सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. या एका गोष्टीवर तुमच्या सगळ्या खर्चाचा हिशेब ठरतो. पहिल्या खेपेला मुक्काम स्वस्त पडावा म्हणून मी तासाभराच्या अंतरावरच्या गावात खोली घेतली होती. शनिवारी शेवटची रेल्वे गाठायची म्हणून संध्याकाळी साडेआठला ट्रॅक सोडावा लागला. स्टेशनकडे निघालो तेव्हा ऊन नुकते तिरपे आणि सोनेरी होऊ लागले होते आणि मागे इंजिने गर्जत होती. ज्या उजेडासाठी लाखभर रुपये मोजून आलो होतो, त्याच उजेडाकडे पाठ करून मी चाललो होतो. म्हणून हे मार्गदर्शन एका आग्रहाभोवती बांधले आहे : पैसा लेन्सवर कमी घाला, ट्रॅकशेजारच्या रात्रीवर जास्त.

एकूण आकडा आधीच सांगतो. मुंबईहून जाऊन-येऊन, सहा रात्री, एका माणसाला, तंबूत राहण्याची तयारी असेल तर सुमारे २ लाख १५ हजार रुपये. हॉटेल हवे असेल तर २ लाख ८५ हजारांच्या घरात.

कोणत्या वर्षी जायचे?

ल माँची २४ तासांची शर्यत १९२३ साली सुरू झाली. तिच्या जुन्या गाड्यांचा सोहळा, म्हणजे ल माँ क्लासिक, २००२पासून भरतो. सुरुवातीपासून तो साधारण दर दोन वर्षांनी होत आला. २०२६पासून तो दरवर्षी करायचे ठरले, पण दोन वेगळ्या रूपांत : सम वर्षी 'लेजंड', म्हणजे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या गाड्या; विषम वर्षी 'हेरिटेज', म्हणजे त्याआधीच्या. तारांच्या चाकांची बेंटली, जॅग्वार डी-टाइप, फोर्ड जीटी४०, पोर्श ९१७ यांच्यासाठी जीव टाकत असाल तर विषम वर्षाची वाट पाहा. तिकीट काढण्याआधी ही एक गोष्ट तपासली नाही, तर बाकीचा सगळा खर्च चुकीच्या गाड्यांवर होईल.

सोहळ्याची घडण अशी : गाड्यांचे त्यांच्या काळानुसार गट पाडतात. शनिवारी दुपारी चारला सुरुवात होते आणि प्रत्येक गट २४ तासांत तीन वेळा ट्रॅकवर उतरतो. म्हणजे तुमची आवडती गाडी एकदा उन्हात, एकदा अंधारात आणि एकदा पहाटेच्या किंवा सकाळच्या उजेडात मिळू शकते. ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा आहे. त्याच जागेवर तीच गाडी पुन्हा यायला बरीच मिनिटे लागतात, तेव्हा प्रत्येक फेरी मोलाची.

व्हिसा, विमान, रेल्वे

प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे. त्यावर अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस केंद्राचा सेवाआकार आणि किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा. एक युरो १०० रुपये असा सोपा हिशेब धरला, तर सगळे मिळून १४ हजार बाजूला ठेवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळी सुट्टीत भेटीची वेळ मिळवणे हेच मोठे काम होऊन बसते, म्हणून जुलैला जायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच कागद गोळा करा.

विमानाला ७५ हजार धरा. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने ल माँ तासाभरावर आहे. आरक्षण लवकर केले तर भाडे निम्म्यावर येते, ऐनवेळी काढले तर डोळे पांढरे होतात. जाऊन-येऊन ७० युरो धरून चाला. ल माँ स्टेशनहून ट्राम ट्रॅकच्या जवळ सोडते. भाड्याच्या मोटारीची गरज नाही.

प्रवेश : कुठे जादा पैसे द्यायचे?

साधे तिकीट तुम्हाला मैदानात आणि ट्रॅकच्या कडेला नेते. पॅडॉक, म्हणजे जिथे गाड्या उभ्या असतात आणि मेकॅनिक काम करतात, त्याची सोय वेगळी घ्यावी लागते. ती जरूर घ्या. ट्रॅकवर गाडी डोळ्यांसमोरून क्षणात निघून जाते. पॅडॉकमध्ये तीच हातभर अंतरावर उभी असते. बॉनेटवरचा चामडी पट्टा सोडताना मेकॅनिकची बोटे, रंग उडालेल्या नंबराच्या गोलावर बसलेली माशी, पिंपातून पेट्रोल ओतताना धरलेले फडके. या फोटोंना लांब लेन्स लागत नाही, ३५ किंवा ५० मिलिमीटरची साधी लेन्स पुरते, मोबाइलही चालतो. आठवडाअखेरचे तिकीट आणि पॅडॉक मिळून २०० युरोंची तरतूद ठेवा. आगाऊ घेतले तर त्यातले काही वाचतील.

ट्रॅकच्या आतल्या बाजूला उभे राहण्याचा पत्रकार-परवाना विकत मिळत नाही. त्यासाठी नियतकालिकाचे पत्र आणि आधी छापलेले काम लागते, आणि अर्ज आयोजकांकडेच करायचा असतो. कोणी पैसे घेऊन परवाना देतो म्हणाला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मुक्काम : इथेच हात सैल सोडा

सोहळ्याच्या चार रात्रींत शहरातल्या हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात. रात्रीला २०० युरो धरले, तर चार रात्रींचे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपये. आणि एवढे देऊनही रात्री दोनला खोलीवरून परत ट्रॅकवर यायचा कंटाळा येतोच.

त्यापेक्षा ट्रॅकला लागून असलेल्या तंबूच्या जागा घ्या. मेझॉं ब्लांश, तेर्त्र रूज ही नावे अर्ज भरताना दिसतील. जागेचे भाडे आणि एक साधा तंबू मिळून १५० युरोंत भागवता येते. तंबू भारतातून वाहून नेऊ नका. फ्रान्समधल्या डेकॅथलॉनमध्ये दोन माणसांचा स्वस्त तंबू सहज मिळतो. झोपायची पिशवी मात्र घरून न्या, जुलैतही पहाटे गारठा असतो. तंबूत वीज नसते, म्हणून दोन मोठ्या पॉवरबँक हव्यात. आणि कानात घालायचे बोळे दोन जोड : एक झोपेसाठी, एक ट्रॅकसाठी.

दोन रात्री पॅरिसमध्ये, साध्या खोलीत, २०० युरो.

जेवण

दिवसाला ३० युरो, सात दिवसांचे २१० युरो. मैदानावरचे खाणे महाग आणि बहुतेक मांसाहारी. घरून चिवडा, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, लाडू न्यावेत. पण पेढे, बर्फी, तूप किंवा तुपातले लाडू नकोत. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेण्यास बंदी आहे.

कॅमेरा आणि लेन्स : भाड्याने घ्या

प्रेक्षकांच्या जागेवरून गाडी बरीच लांब असते. १००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची लेन्स हवी. ती विकत घेतली तर ८०-९० हजारांपासून पुढे. मुंबई-पुण्यात भाड्याने घेतली तर दहा दिवसांचे १२ हजार धरा, अनामत वेगळी. मालकाकडून परदेशी नेण्याची लेखी परवानगी आणि बिलाची प्रत मागा. लेन्स चार दिवस आधी हातात घ्या, म्हणजे तिचा दोष असला तर इथेच कळेल.

निघताना विमानतळावर कस्टम्सच्या टेबलावर जाऊन कॅमेरा आणि लेन्सचे अनुक्रमांक दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. अर्धा तास जातो, पण परत येताना ही वस्तू तिकडे घेतली का, असा प्रश्न आला की तोच कागद शुल्कापासून वाचवतो. बॅटऱ्या आणि पॉवरबँक चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवा.

एक छोटा खर्च मोठे काम करतो : पोलरायझर, साधारण तीन हजार रुपये. काचेवरचे प्रतिबिंब तो कापतो आणि भर उन्हात उजेडही कमी करतो, त्यामुळे शटर सावकाश ठेवता येते.

सराव फुकट आहे

१/१००० सेकंदावर टिपलेली शर्यतगाडी रस्त्यात उभी केल्यासारखी दिसते, कारण चाके थिजतात. वेग दिसायला हवा तर गाडीबरोबर कॅमेरा फिरवत सावकाश शटर वापरायचे. यालाच पॅनिंग म्हणतात. पाय रोवून उभे राहा, कमरेतून वळा, गाडी लांब असतानाच तिला पकडा आणि बटण दाबल्यावरही वळणे थांबवू नका. दिवसा १/१२५वरून सुरुवात करा, हात बसला की १/६०वर या.

हा हात ल माँला जाऊन बसत नाही, तो इथे बसवून न्यायचा. घराजवळच्या चौकात फुटपाथवर उभे राहून रिक्षा आणि एसटी टिपा. पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यत असेल तर जरूर जा : एका सरळ रेषेत, धुरळ्यात, क्षणात निघून जाणारी जोडी. पॅनिंगची याहून चांगली शाळा नाही. मुंबईतल्या विंटेज गाड्यांच्या रॅलीत क्रोम आणि काळ्या रंगाचा उजेड सांभाळायला शिकता येते. शंभरात दहा फोटो धारदार यायला लागले की तिकीट काढा.

कोणत्या वेळी कुठे?

शनिवारी दुपारी चारच्या आधी मुख्य सरळ पट्ट्यापाशी. सगळ्यात जुन्या गटांसाठी इथे पूर्वीसारखा धावत जाऊन गाडीत बसण्याचा प्रारंभ पुन्हा करून दाखवतात : गाड्या एका कडेला तिरप्या रांगेत, चालक समोरच्या कडेला. खऱ्या शर्यतीत ही पद्धत १९६९पर्यंत होती. त्या वर्षी चालक जाकी इक्स निषेध म्हणून न धावता चालत गाडीपर्यंत गेला, नीट पट्टा बांधून सगळ्यांच्या मागून निघाला, आणि शर्यत जिंकला. इथे रुंद लेन्स लावा. चालकांचे पाय आणि गाड्यांची नाके एकाच चौकटीत यायला हवीत.

भर दुपारी ट्रॅकवर गरम हवेने चित्र थरथरते. तो वेळ पॅडॉकला आणि मैदानावरच्या संग्रहालयाला द्या.

संध्याकाळी आठ ते दहा : डनलॉप पूल आणि त्यापुढचा एसेसचा नागमोडी उतार. आडवा उजेड, लांब सावल्या. जाळीतून टिपताना लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा आणि छिद्र पूर्ण उघडे ठेवा, तार नाहीशी होते.

रात्री : जिथे गाड्या जोरात ब्रेक लावतात अशी जागा धरा. आर्नाजचे काटकोनी वळण उत्तम, पण ते लांब आहे. जाण्या-येण्याच्या सोयीची वेळ दिवसाच पाहून ठेवा. अंधारात आधी इंजिनाचा आवाज येतो, मग झाडांच्या खोडांवर पिवळा उजेड सरकतो. फ्रान्समध्ये १९९३पर्यंत मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे होते, आणि जुन्या गाड्यांवर ते अजून असतात. मग ब्रेकच्या तबकड्या लाल होतात, धुरांड्यातून हातभर ज्वाळ निघते आणि दाराजवळच्या चिमुकल्या दिव्याखाली नंबर तेवढा वाचता येतो. १/३०, आयएसओ ३२००च्या पुढे, आणि धीर. वीस फोटोंत एक लागला तरी रात्र वसूल झाली.

रविवारी पहाटे सहाला सूर्य वर येत असतो. काचांवर किडे आणि तेलाचे शिंतोडे, रंग मळलेले. या वेळी ट्रॅकच्या कडेला गर्दी नसते. तंबू जवळ असेल, तरच हा तास मिळतो.

स्वतःसाठी फोटो काढायला अडचण नाही. विकायचे किंवा जाहिरातीला वापरायचे असतील, तर आयोजकांची परवानगी लागते. फ्रान्समध्ये माणसाचा त्याच्या प्रतिमेवरचा हक्क कायद्याने जपलेला आहे. मेकॅनिकच्या चेहऱ्याचा जवळून फोटो घ्यायचा तर आधी विचारा. हसून 'बाँजूर' म्हटले की बहुतेक जण स्वतःच बॉनेट उचलून दाखवतात.

हिशेब, एका माणसाचा

- विमान : ७५,०००
- व्हिसा आणि विमा : १४,०००
- पॅरिस-ल माँ रेल्वे : ७,०००
- प्रवेश आणि पॅडॉक : २०,०००
- तंबू आणि जागा, चार रात्री : १५,०००
- पॅरिस, दोन रात्री : २०,०००
- जेवण : २१,०००
- लेन्सचे भाडे : १२,०००
- ट्राम, सिमकार्ड, मेमरी कार्ड, पोलरायझर : १०,०००

बेरीज १ लाख ९४ हजार. युरोचा दर वर गेला तर हाताशी असावेत म्हणून दहा टक्के वर धरा : सुमारे २ लाख १५ हजार. तंबूऐवजी हॉटेल घेतले तर बेरीज २ लाख ५९ हजार, आणि दहा टक्क्यांसह २ लाख ८५ हजार. दोघे मिळून गेलात तर तंबू आणि पॅरिसची खोली निम्म्यात येते.

एवढेही जड वाटत असेल, तर त्याच शेंगेन व्हिसावर बेल्जियममधली स्पा सिक्स अवर्स ही शरद ऋतूतली जुन्या गाड्यांची शर्यत आहे. ती दुपारी सुरू होऊन अंधारात संपते आणि ट्रॅक ७ किलोमीटरचा, म्हणजे तीच गाडी लवकर परत येते.

काटछाट करावीच लागली तर पॅरिसच्या रात्री कमी करा, मेमरी कार्ड साधी घ्या, लेन्स एक पायरी खालची घ्या. शनिवारची रात्र मात्र कापू नका. दुसऱ्या खेपेला मी तंबूत राहिलो, भाड्याच्या लेन्सने. रात्री पावणेदहाला एसेसच्या उतारावरून एक जीटी४० खाली आली, तिच्या निळ्या पाठीवर मावळतीची एक केशरी रेघ सरकली, आणि या वेळी मला कोणतीही रेल्वे गाठायची नव्हती.