भोवऱ्यापासून कपाळापर्यंत

१. टक्कल केस गळून पडतं त्याहून जास्त केस बारीक होत होत पडतं. सलूनमध्ये अंगावरच्या कापडाकडे पाहिलं तेव्हा मला हे उमगलं. मानेवरचे केस जाड, काळेभोर. कपाळावरचे मात्र जावळासारखे मऊ, भुरे. दिवसाला 50 ते 100 केस सगळ्यांचेच गळतात. पण डीएचटी हे संप्रेरक ज्या केशमुळांना सोसत नाही, तिथे उगवणारा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि अल्पायुषी निघतो.

२. टकलाची वाट ठरलेली, वेग मात्र ज्याचा त्याचा. कोपर स्टेशनला वरच्या फलाटावरून, म्हणजे दिवा-वसई गाडीतून उतरून जिन्याने खाली येताना पुढच्यांचे भोवरे दिसतात. कुणाच्या पाठीवर कॉलेजची सॅक आणि भोवरा विरळ. कुणी साठीचा, तरी केस दाट. हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये या वाटेचे टप्पे मांडले, नॉरवूड यांनी 1975 मध्ये ते सुधारून सात केले. पन्नाशीपर्यंत साधारण निम्मे पुरुष यातल्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर असतात. एखादा तिसऱ्यावरच जन्मभर थांबतो.

३. पाण्याला दोष देणं सोपं असतं. आमच्याकडे नवं बिऱ्हाड आलं की सहा महिन्यांत टँकरच्या नावाने खडे फोडतं. जड पाण्याने केस रखरखीत होतात, हे खरं. पण पाणी तर अख्ख्या डोक्यावर पडतं, मग कानामागचे केस शाबूत कसे? जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत बायका, मुलं, म्हातारे, अशा अनेकांचे केस काही दिवसांत गेले. तिथे संशय गव्हातल्या सेलेनियमवर गेला. त्या माणसांची घालमेल वेगळी होती. आपलं दुखणं वर्षानुवर्षं, ठरल्या जागीच चालतं.

४. औषध म्हणजे राखण. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध; लावायचं थांबवलं की काही महिन्यांत राखलेलं जातं. फिनास्टेराइड डीएचटी कमी करतं, पण काहींची कामेच्छा मंदावते. म्हणून ते डॉक्टरांशी मोकळं बोलूनच घ्यावं.

५. मुलाच्या कानशिलांवर खाचा दिसू लागल्यात. त्याला केशरोपणाची घाई झाली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं: मागून आणून लावलेले केस बहुधा टिकतात, पण त्यांच्या आजूबाजूचे मूळचे केस विरळ होतच राहतात; या वयात टक्कल कुठवर जाईल ते सांगता येत नाही. सध्या औषध चालू आहे. दर सहा महिन्यांनी, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात मी त्याच्या भोवऱ्याचा फोटो काढतो.