पीच व नेक्टरीन : पारख आणि जतन

आंब्याची पारख आपणांस कोणी शिकवीत नाही. पेटीजवळ नाक नेले की उमगते. पीचच्या बाबतीत मात्र आपण रंगास भुलतो. पंजाबच्या मैदानातील फळ एप्रिलअखेरीपासून निघते, त्यामागून हिमाचलातील राजगड व कुमाऊँतील रामगड येथील. उत्तरेत त्यास आडू म्हणतात. गुळगुळीत सालीचे नेक्टरीन म्हणजे पीच व आलुबुखार यांचा संकर, हा समज खरा नव्हे. ते पीचच, केवळ सालीवर लव नसते. पीचच्या झाडावर नेक्टरीन लागल्याची उदाहरणे डार्विनने १८६८ च्या ग्रंथात नोंदलेली आहेत.

गालावरची लाली जातीची व उन्हाची देणगी होय. तीवरून पक्वता ठरत नाही. देठाजवळचा मूळ रंग पाहावा. तो हिरवट असेल तर फळ कोवळे तोडलेले आहे. पिवळा वा मलईसारखा असेल तर घ्यावे. तोडल्यानंतर फळ मऊ होते, सुवास येतो, परंतु गोडी वाढत नाही. अंगठ्याने दाबून पाहू नये. तो डाग दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या माथी बसतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक सुरेख लाल पेटी घेतली आणि मोठ्या काळजीने फ्रीजमध्ये ठेवली. आठ दिवसांनी पाहुण्यांपुढे फळे कापली, तो गर कोरडा, पिठूळ, बाठीभोवती तपकिरी! साल मात्र निर्दोष. दोष फळाचा नव्हता. २ ते ८ अंश सेंटिग्रेडच्या थंडीत हे फळ आतून बिघडते, आणि घरचा फ्रीज नेमका त्याच टप्प्यात असतो. शीतगृहात ते ० अंशाच्या आसपास ठेवतात, म्हणून काही आठवडे टिकते. घरी कच्चे फळ बाहेरच, कागदी पिशवीत एका थरात ठेवावे. घाई असल्यास सोबत एक पिकले केळे. दोन-तीन दिवसांत पिकते. पिकल्यावर फ्रीजमध्ये एक-दोन दिवस ठेवण्यास हरकत नाही.

खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावे, म्हणजे सुवास खुलतो. थेट दात लावू नये. फळमाशीची अळी आत असली तरी वरून दिसतेच असे नाही. आपल्या घरांत तर हे पाहिलेच पाहिजे. शिवणीवरून सुरी फिरवून दोन्ही अर्धे उलट दिशांस पिळावेत. काही जातींत बाठी सहज सुटते, काहींत गरास घट्ट चिकटते. बाठीतील बी मात्र खाऊ नये, ते विषारी असते. फारच आंबट निघाले तर साखर व दालचिनी घालून शिजवावे. आमच्याकडे मुले ते पोळीबरोबर खातात.