डब्याखालची पेटी: इलेक्ट्रिकल घेऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

प्रवेशाच्या दिवसांत पालकांकडून हमखास येणारा प्रश्न असा: "कॉम्प्युटर मिळत नाहीये, इलेक्ट्रिकल मिळतंय. घ्यावं, की वर्ष थांबून पुन्हा सीईटी द्यावी?" हल्ली त्याच्या जोडीला दुसराही येतो: "ईव्हीचा कोर्स कुठला चांगला?" या दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर एकाच ठिकाणी येऊन मिळतं. ते ठिकाण म्हणजे पॉवर कन्व्हर्टर. लोकलच्या डब्याखाली, मेट्रोच्या तळाशी, ई-बसच्या मागच्या भागात किंवा टपावर बसवलेली धातूची बंद पेटी. प्रवाशांना ती दिसत नाही, पण गाडी हलते ती तिच्यामुळे. आणि ही पेटी बनवणारी, तपासणारी, दुरुस्त करणारी माणसं पुढची अनेक वर्षं लागणार आहेत.

आधी ती करते काय, ते समजून घेऊ. मुंबईच्या लोकलवरच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह असतो, सेकंदाला ५० आवर्तनांचा. गाडीच्या चाकांना फिरवणाऱ्या मोटरी थ्री-फेज असतात आणि त्यांना हा प्रवाह जसाच्या तसा चालत नाही. गाडी उभी असताना मोटरला कमी व्होल्टेज आणि कमी फ्रीक्वेन्सी लागते, वेग वाढेल तशी दोन्ही वाढवत न्यावी लागतात. म्हणून ट्रान्सफॉर्मर आधी व्होल्टेज उतरवतो, कन्व्हर्टरचा पहिला भाग एसीचा डीसी करतो, मधल्या टप्प्यावर मोठे कपॅसिटर तो डीसी स्थिर ठेवतात आणि शेवटचा भाग, म्हणजे इन्व्हर्टर, त्यातून हवा तसा थ्री-फेज एसी घडवतो. घडवतो तो स्विच चालू-बंद करून. घरातल्या दिव्याचं बटण एका सेकंदात शेकडो, कधी हजारो वेळा दाबावं, आणि प्रत्येक वेळी किती क्षण चालू ठेवायचं हे अचूक मोजावं, तसं. नव्या लोकल फलाटावरून सुटताना जो चढत जाणारा सूर ऐकू येतो, तो या स्विचिंगचाच.

या तंत्रज्ञानाचा इतिहास मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर घडलेला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. जुन्या डीसी गाड्यांमध्ये सुरुवातीचा प्रवाह आवरायला मोटरच्या वाटेत रेझिस्टन्स घालावे लागत. म्हणजे प्रत्येक स्टेशनातून निघताना पैसे मोजून घेतलेली वीज उष्णतेच्या रूपानं हवेत जाई. मोटरींचे ब्रश झिजत, ते बदलायला कारशेडमध्ये मनुष्यबळ लागे. २००७ पासून थ्री-फेज मोटरींचे आणि आयजीबीटी नावाच्या स्विचवर चालणाऱ्या कन्व्हर्टरचे रेक मुंबईत धावू लागले आणि ब्रेक मारताना मोटर जनित्र होऊन वीज परत वायरीत पाठवू लागली. हार्बर मार्गावरचा १५०० व्होल्टचा डीसी पुरवठा एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला, तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचा तो अध्याय संपला.

आयजीबीटी हा त्या पेटीतला मुख्य स्विच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्याचा विकास ज्यांनी केला ते बी. जयंत बालिगा चेन्नईत जन्मले, आयआयटी मद्रासमधून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन अमेरिकेला गेले. २०२४चं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ त्यांना याच कामासाठी मिळालं. "इलेक्ट्रिकलमध्ये नवीन काय उरलंय?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे नाव जरूर सांगा. आता आयजीबीटीच्या जागी हळूहळू सिलिकॉन कार्बाइडचे स्विच येत आहेत. त्यांत वीज कमी वाया जाते, त्यामुळे पेटी लहान आणि हलकी होते. जपानच्या शिंकान्सेनच्या एन७००एस गाड्यांत ते आहेत.

खरी अवघड गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि मला वाटतं हुशार मुलानं या क्षेत्रात यावं ते तिच्यासाठी. लांब पल्ल्याचं इंजिन एकदा वेग घेतं आणि तासभर तसंच धावतं. लोकल दोन-तीन मिनिटांनी थांबते. सुटताना कन्व्हर्टरमधली चिप तापते, गाडी नुसती घरंगळत असते तेव्हा निवते, ब्रेक मारला की पुन्हा तापते. गर्दीच्या वेळी चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं उभी असतात, रेल्वेच्या भाषेत त्याला सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात, आणि तो सगळा भार त्या चिपवर येतो. अशी तापण्या-निवण्याची लाखो आवर्तनं सोसून चिपला जोडणाऱ्या बारीक तारा आणि खालचं सोल्डर थकतं. त्यात समुद्राची खारी हवा, ब्रेकची धूळ, जुलैतलं रुळांवरचं पाणी. प्रयोगशाळेत उत्तम चालणारं सर्किट या सगळ्यात पंचवीस-तीस वर्षं टिकवायचं, हे काम सर्किट काढता येणाऱ्या एकट्या माणसाचं नाही. उष्णता समजणारा मेकॅनिकलचा इंजिनिअर, मायक्रोसेकंदांच्या हिशेबात प्रोग्रॅम लिहिणारा, कपॅसिटरचं वय ओळखणारा, आणि बिघाडाची नोंद वाचून कारण शोधणारा कारशेडमधला तंत्रज्ञ, असे सगळे एका पेटीभोवती उभे असतात.

बसची गोष्ट थोडी निराळी. पुण्यात पीएमपीएमएलच्या ई-बस २०१९ पासून धावताहेत, मुंबईत बेस्टच्या आहेत. बसमध्ये वायर नाही, बॅटरी आहे, साधारण सहाशे-सातशे व्होल्ट डीसीची. मोटर चालवणारा मोठा इन्व्हर्टर सगळ्यांना माहीत असतो. पण वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर, ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप यांना वेगळे इन्व्हर्टर लागतात, आणि दिवे, दरवाजे, नियंत्रणाचे संगणक यांच्यासाठी २४ व्होल्ट देणारा छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर. हा छोटा गडी बंद पडला की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही बस चौकात उभी राहते. डेपोतला चार्जर हाही कन्व्हर्टरच, आणि त्याच्या देखभालीला माणसं लागतात. रात्री साठ बस एकदम चार्जिंगला लावायच्या तर डेपोच्या ट्रान्सफॉर्मरवर भार कसा वाटायचा, ही समस्या सोडवणारा इंजिनिअर आज प्रत्येक महापालिकेला हवा आहे.

आता वाटा. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक घेता येतं, मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा नवा ट्रेडही आहे. तिथून रेल्वेच्या कारशेड आणि वर्कशॉपमधली अप्रेंटिसशिप मिळवता येते. मध्य रेल्वेची अप्रेंटिस भरती मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर अशा गटांत निघते. असिस्टंट लोको पायलट व्हायचं असेल तर नजरेची आणि रंग ओळखण्याची तपासणी कडक असते, ती अट तयारीला वर्षं घालवण्याआधी पाहून घ्या. डिप्लोमाचा रस्ता मला महाराष्ट्रात विशेष चांगला वाटतो. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा तीन वर्षांचा डिप्लोमा, त्यावर रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा देता येते, मेट्रोच्या जागांसाठी अर्ज करता येतो, आणि पुढे शिकायचं तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीची सवय व्हायला या वाटेवर उसंत मिळते. बारावीनंतर पदवीला जाणाऱ्यांनी इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन यांतलं काही घेतलं तरी कन्व्हर्टरपर्यंत पोचता येतं. नवी डिझाइन करायची आस असेल तर गेट देऊन एम.टेक. करावंच. आयआयटी मुंबई आणि नागपूरचं व्हीएनआयटी इथे पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. करता येतं.

नोकरी कुणाकडे, याबद्दल पालकांच्या मनात एक गैरसमज असतो. बस महापालिकेची, मेट्रो सरकारची, म्हणजे नोकरी सरकारी, असं ते धरून चालतात. ई-बसच्या बाबतीत सहसा तसं नसतं. बस खासगी कंपनीची असते, परिवहन उपक्रम किलोमीटरमागे पैसे देतो आणि देखभाल कंपनीच करते. म्हणजे डेपोतला तंत्रज्ञ त्या कंपनीच्या किंवा तिच्या कंत्राटदाराच्या पगारावर असतो. नेमणूकपत्रावर नाव कुणाचं, भविष्य निर्वाह निधी कोण भरतो, कंत्राट किती वर्षांचं, हे विचारायला संकोच करू नका. उलट, खासगी म्हणजे आज आहे उद्या नाही, हेही सरसकट खरं नाही. रेल्वेनं जानेवारी २०२३ मध्ये ९००० अश्वशक्तीच्या १२०० मालगाडी इंजिनांचं कंत्राट सीमेन्सला दिलं, त्यात ३५ वर्षांची देखभाल आहे आणि देखभालीच्या चार ठिकाणांपैकी एक पुणे आहे. आज बारावीत असलेली मुलगी निवृत्तीच्या जवळ पोचेल तोवर ही इंजिनं चालवत ठेवायची आहेत.

पगाराबद्दल स्पष्ट सांगते. सुरुवातीचा आकडा सॉफ्टवेअरमधल्या चांगल्या ऑफरइतका असेलच असं नाही, आणि पहिली दोन-तीन वर्षं शेजारच्या मुलाशी तुलना होईल, ती सोसावी लागेल. पण इथे अनुभव साठत जातो. पाच वर्षं कन्व्हर्टरचे बिघाड शोधलेल्या माणसाची जागा नवा भरती झालेला मुलगा दोन महिन्यांत घेऊ शकत नाही. आणि ही विद्या एका वाहनाला बांधलेली नसते. सौर ऊर्जा, लिफ्ट, क्रेन, डेटा सेंटरचा वीजपुरवठा, सगळीकडे आत हेच स्विच आहेत. उद्या ई-बसचा जोर ओसरला तरी हातातलं काम जाणार नाही.

मुलगा किंवा मुलगी यात रमेल का, हे बारावीच्या भौतिकशास्त्रात कळतं. एसी सर्किटचं प्रकरण पाठ करून उरकलं, की "करंट मागे का पडतो?" हा प्रश्न डोक्यात राहिला? दुसरं लक्षण चिकाटीचं. इथे चूक झाली की प्रोग्रॅमसारखी लाल ओळ येत नाही, आवाज होऊन महागडा भाग जळतो, आणि मग तो का जळला हे शोधायला आठवडा जातो. ज्याला त्या आठवड्याचा वैताग येण्याऐवजी उत्सुकता वाटते, त्यानं यावं. मुलींच्या आईवडिलांना मी वेगळं काही सांगत नाही. डिझाइन, टेस्टिंग, कंट्रोल सॉफ्टवेअर या कामांत मुली मुलांच्या बरोबरीनं आहेत. कारशेडमध्ये रात्रपाळी असते, ती दोघांनाही असते.

कॉलेजची वर्षं सुरू झाल्यावर तीन गोष्टी धरून ठेवा. गणितातलं फूरिए आणि लाप्लास घोकू नका, समजून घ्या, कारण कन्व्हर्टरची भाषा तीच आहे. सी प्रोग्रॅमिंग आणि एखादा मायक्रोकंट्रोलर चांगला शिका. इलेक्ट्रिकलच्या मुलाला कोडिंग कशाला, हा विचार या क्षेत्रात पार चुकीचा आहे. सर्किट संगणकावर चालवून पाहण्याचं एलटीस्पाइस आणि सर्किट बोर्ड आखण्याचं काय-कॅड ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवरची व्याख्यानं फुकट आहेत. अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट बाजारातून तयार विकत घेऊ नका. १२ व्होल्टचा ५ व्होल्ट करणारा साधा कन्व्हर्टर स्वतः बांधा, तो किती तापतो ते मोजा आणि का तापतो ते लिहून काढा. मुलाखतीत त्या एका पानावर अर्धा तास बोलता येतं.

आणि सुरक्षितता. मुख्य स्विच बंद केला, वायरीला टेकणारा टपावरचा पेंटोग्राफ खाली घेतला, तरी मधल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज काही वेळ साठलेली राहते. म्हणून नियम ठरलेला आहे: बंद करा, सांगितलेला वेळ थांबा, मीटरनं मोजून शून्य असल्याची खात्री करा, अर्थिंग करा, मगच हात लावा. कामाची घाई करणाऱ्या सुपरवायझरसमोर "अजून मोजलं नाही, थांबा" असं म्हणण्याची हिंमत मुलाला घरातूनच द्यायला हवी. घरी खोलून ठेवलेल्या जुन्या इन्व्हर्टरला किंवा मायक्रोवेव्हला हाच नियम लागू आहे, मायक्रोवेव्ह तर शिकाऊ मुलानं उघडूच नये.

राहिला ईव्हीच्या कोर्सचा प्रश्न. तीन महिन्यांत ईव्ही एक्सपर्ट करून देणाऱ्या जाहिराती आता तालुक्याच्या गावांतही लागल्या आहेत, आणि त्यांच्या फीसाठी कर्ज काढणारी कुटुंबं पाहून मला राग येतो. पाया असलेल्या मुलाला लहान कोर्सचा उपयोग होतो. पाया नसलेल्या मुलाच्या हाती फक्त प्रमाणपत्र येतं. पैसे भरण्याआधी तिथली कार्यशाळा बघा. खरी मोटर, खरा इन्व्हर्टर, ऑसिलोस्कोप आहे का, की फक्त प्रोजेक्टर? मागच्या बॅचमधल्या दोघांना फोन लावून ते कुठे कामाला आहेत विचारा.

इंजिनिअरिंग कॉलेज निवडतानाही हीच पद्धत. इमारत आणि कॅन्टीन सगळे दाखवतात, तुम्ही मशीन लॅब आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची लॅब दाखवा म्हणा. तिथल्या लॅब असिस्टंटला विचारा की किती किट चालू आहेत, एका टेबलावर किती मुलं असतात, प्रॅक्टिकलची वेळ संपल्यावर लॅब उघडी मिळते का. नव्या झळाळत्या कॉलेजात गप्प बसलेला असिस्टंट आणि जुन्या सरकारी तंत्रनिकेतनात दुरुस्त करून चालता ठेवलेला किट उत्साहानं दाखवणारा असिस्टंट, यांतून निवडायचं झालं तर दुसऱ्याच्या ठिकाणी प्रवेश घ्या.