आरशासमोरचे व्यायाम आणि पाठीचा बाक

प्रश्न : माझ्या 13 वर्षांच्या मुलीच्या कण्यात 22 अंशांचा बाक निघाला. दप्तरामुळे झाला का? आरशासमोरच्या व्यायामांनी जाईल का?
— एक आई, भोपाळ

उत्तर : दप्तराला दोष नको, स्वतःलाही नको, या वयातल्या बहुतेक बाकांचं कारण सापडतच नाही. व्यायामाने कणा पूर्ण सरळ करून देतो म्हणणाऱ्यापासून मात्र सावध राहा. खरा फायदा वेगळा आहे. अशा मुलीला आपली तिरकी ठेवणच सरळ वाटते. जर्मनीच्या काटारीना श्रोट यांच्या शंभर वर्षं जुन्या पद्धतीत आरसा, थेरपिस्टच्या हाताचा स्पर्श आणि दबलेल्या बाजूच्या फासळ्यांत भरलेला श्वास यांतून ती मधली रेषा नव्याने ओळखते. मग लिहिताना, जिने चढताना तीच ठेवण टिकवायची. व्यायाम बाकाची बाजू पाहून ठरतात, म्हणून यूट्यूब नको. साकेत नगरच्या एम्समध्ये अस्थिरोग विभागात दाखवा. उंची झपाट्याने वाढते तेव्हाच बाकही वाढतो, त्यामुळे चार-सहा महिन्यांनी तपासणी हवीच. तो 25 अंशांपुढे गेला तर बहुधा ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक आधार, सुचवतील. भोपाळच्या मे महिन्यात मुली तो काढून ठेवतात, हे ठाऊक आहे! आत सुती बनियन द्या. जास्त तास घातला तर जास्त उपयोग, हे 2013च्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत दिसलं आहे.